मामांची होडी पाण्यावर उठेपर्यंत

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज भाऊबीज. मामा बोरिवलीला आले, आईने ओवाळलं आणि ताट खाली ठेवायच्या आत विचारलं, "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी होतास कुठे?" मामा गप्प. होडीत मीही होतो, म्हणून उत्तर मला द्यावं लागलं.

परवा, १ तारखेला, अमावास्येचं उधाण होतं. दुपारी साडेतीनला आम्ही मनोरी खाडीच्या मुखाशी होतो आणि गोराईला परत यायचं होतं. अंतर सहा-एक किलोमीटर. ओहोटी ऐन जोरात, खाडीतलं सगळं पाणी समोरून समुद्राकडे धावतंय, आणि इंजिन पूर्ण जोरात सोडूनही काठावरची तिवरं जागची हलत नव्हती. निम्म्याहून जास्त वाट कापली तोवर पाणी उतरलं आणि होडी चिखलात बसली. पुन्हा तरंगायला पावणेसात झाले. घरी पूजा मामांशिवाय झाली. मामा ६८ वर्षांचे आहेत. चिखलात बसून त्यांनी एकही शब्द काढला नाही, तेच मला जास्त लागलं.

ज्याला सांगावं तो म्हणतो, इंजिन बदला, २५ घोड्यांचं टाका. तेवढे पैसे मामांकडे नाहीत. शिवाय २५ घोड्यांचं वजन आणि जोर या होडीची मागची फळी पेलेल असं मला वाटत नाही. आज मामांना शब्द दिला: संक्रांतीपर्यंत याच इंजिनावर होडी पळवून दाखवतो. तोवर काय केलं, काय मोजलं, ते इथे लिहीत जाणार.

होडीची माहिती अशी. फायबरची, १६ फूट, मागे जवळजवळ सपाट तळ. इंजिन ९.९ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, लांब पायाचं, एका मोठ्या होडीवरून उतरवून घेतलेलं. पंखा ९¼ इंच व्यासाचा, ९¾ इंच पिचचा (पिच म्हणजे पंखा न घसरता एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर).

१० नोव्हेंबर, रविवार

आधी सध्याची स्थिती मोजून ठेवली. तुलनेला आधार नसला तर पुढची सगळी मेहनत अंदाजावर जाते.

आज नवमी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा मामांचा हिशेब. नवाची पाऊणपट पावणेसात. भांगाची भरती असल्याने पाण्याला ओढ कमी होती आणि सकाळचा मतलई वाराही नावापुरताच. मोबाइलच्या जीपीएसवर एक किलोमीटरचा टप्पा ठरवला, पॅगोड्याचा सोनेरी कळस समोर धरून. त्यावरून एकदा जायचं, एकदा यायचं आणि सरासरी घ्यायची, म्हणजे उरलासुरला प्रवाह हिशेबातून निघून जातो. प्लगच्या तारेभोवती गुंडाळायचा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा मीटर लोहार चाळीतून आणला होता.

मी आणि मामा, टाकी भरलेली: जाताना १०.२, येताना ९.४. सरासरी ९.८ किलोमीटर ताशी, ३९०० आरपीएम. या जातीच्या इंजिनाने पूर्ण सोडल्यावर ४५०० ते ५५०० फिरायला हवं. म्हणजे इंजिन गुदमरतंय.

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आभाळाकडे, मागची बाजू खड्ड्यात, आणि मागे लाट एवढी मोठी की बाजूने जाणाऱ्या फेरीबोटीतून एकाने हात करून हळू जायला सांगितलं. आम्ही हळूच चाललो होतो.

१२ नोव्हेंबर, रात्री

९.८ हा आकडा का आला, ते आज कागदावर मांडलं.

होडी पाणी बाजूला सारत चालते तेव्हा तिच्या नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढला की लाट लांबते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीच्या पुढे गेली की होडीची मागची बाजू दोन लाटांमधल्या खळग्यात बसते आणि नाळ पुढच्या लाटेवर चढलेली राहते. तिथून पुढे ती आपणच केलेला चढ चढत असते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने छोट्या प्रतिकृती पाण्याच्या हौदातून ओढून हे सगळं नीट मांडलं. ढोबळ हिशेब सोपा आहे: पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, साडेचारने गुणायचं. आमची लांबी ४.६ मीटर. उत्तर येतं ९.७ किलोमीटर ताशी.

म्हणजे आपण बरोबर त्या भिंतीला डोकं लावून उभे आहोत. इथे थोडी ताकद वाढवली तर लाट मोठी होईल, वेग फारसा वाढणार नाही. भिंत ओलांडायची तर होडीने चढ पार करून पाण्यावर उठायला हवं, तळावर घसरत जायला हवं. ते वजनावर ठरतं. एका अश्वशक्तीमागे २५ किलो वजन असेल तर होडी सहज उठते, ४० च्या आसपास कशीबशी उठते, ५० च्या पुढे आशा धरू नये. सगळं मिळून आपलं वजन किती, हे मला आज माहीत नाही. ते मोजायचं.

आणखी एक हिशेब लिहून ठेवतो. ३९०० आरपीएम, पिच ९¾ इंच, गिअरचं प्रमाण २.०८, म्हणजे इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक. पंखा पाण्यात स्क्रूसारखा न घसरता गेला असता तर वेग २७.९ आला असता. आला ९.८. म्हणजे ६५ टक्के घसरण. पंखा जागच्या जागी पाणी घुसळतोय.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज इंजिन. वरचं झाकण काढून मी कार्ब्युरेटरपाशी बसलो आणि मामांना वेगाची मूठ पूर्ण फिरवायला सांगितली. आतली पाकळी पाऊणच उघडली! मुठीपासून येणारी तार ताणून सैल झाली होती. किती वर्षं हे इंजिन पाऊण ताकदीवर चाललंय, कोण जाणे. तारेचा नट फिरवून ताण घेतला, पाकळी पूर्ण आडवी होते का ते बोटाने चाचपलं.

बाकीचं झपाट्याने: दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १०५ आणि १०८, म्हणजे पोट चांगलं आहे. प्लग नवे, फट १ मिलिमीटर. कार्ब्युरेटरच्या वाटीत हिरवट गाळ होता, तो धुतला. पेट्रोलची नळी आतून चिकट झाली होती, हातपंपाचा फुगा दाबला तर परत फुगत नव्हता. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही, आणि ते पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं. नळी आणि फुगा दोन्ही बदलले. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, मापट्याने मोजून. मामा अंदाजाने ओततात, ते आता बंद.

पंख्याच्या मधल्या रबरी बुशाचीही शंका होती. बुश सुटलं की इंजिन फिरतं आणि पंखा मागे राहतो. बुश आणि पंखा यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढली. चाचणीनंतर रेघ जुळलेलीच होती, बुश ठीक.

दीडच्या भरतीला चाचणी: ४२५० आरपीएम, १०.४ किलोमीटर. इंजिनात एवढी ताकद परत आली आणि वेग वाढला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. मंगळवारचा कागद खरा ठरला. भिंत ती भिंतच.

परत येऊन धक्क्याला लागलो तेव्हा मामा पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तळाच्या रंगाची रेघ दोन बोटं पाण्याखाली गेलीय बघ. पयले अशी नव्हती. आनि पयले चौघं मिलून होरी वाळूवर घ्यायचो, आता सात लागतात."

मी आठ दिवस गणितं करत होतो आणि उत्तर त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. सात माणसं लागतात याचा अर्थ होडी जड झाली आहे. फायबर आपोआप जड होत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आलो, बोटावरची शाई वाळायच्या आत मी फेरीत होतो.

शेजारच्या शेडमधल्या लोखंडी तुळईला चेनकप्पी बांधली, तिला ३०० किलोचा डिजिटल लटकता काटा. इंजिन, टाकी, नांगर, जाळी, सगळं उतरवलं. आधी मागची बाजू टेकूवर ठेवून नाळ उचलली: ११२ किलो. मग नाळ टेकवून मागची बाजू: १७५. एकूण २८७. ज्याने ही होडी बांधली त्याने १९० सांगितली होती असं मामांना पक्कं आठवतं.

मग फळी, म्हणजे आतली तळफळी, ठोकून पाहिली. पुढे ठण्ण आवाज, मागे भद्द. मागच्या कोपऱ्यात सर्वांत खालच्या जागी १० मिलिमीटरचं भोक पाडलं आणि ड्रिल बाहेर काढताच पाण्याची धार लागली. काळं पाणी, खाडीच्या चिखलाचा वास. पहिली बादली भरली, दुसरी भरली, मामांनी तिसरी आणली. चौथी भरल्यावर धार मंदावली आणि नंतर रात्रभर थेंब थेंब पडत राहिलं.

तळ आणि फळी यांच्यामध्ये तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. बसायच्या आडव्या फळ्या पक्क्या करायला कोणीतरी कधीतरी तळफळीतून स्क्रू मारले होते, भोकं सील केली नव्हती. होडीत साचलेलं पाणी त्या भोकांतून आत जायचं, बाहेर यायला वाट नाही. फोम नवा असताना पाणी पीत नाही असं म्हणतात, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की पितो.

आजचा हिशेब: होडी २८७, इंजिन ३८, पेट्रोल आणि टाकी २५, नांगर-दोर-जाळी ३०, आम्ही दोघं १३५. एकूण ५१५ किलो. एका घोड्यामागे ५२. या वजनाला १५ घोड्यांचं इंजिन लावलं असतं तरी होडी रडतखडतच उठली असती. आणि ते इंजिन आम्ही खाडीचं पाणी खाडीतच वाहून न्यायला वापरलं असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

तळफळी कटरने कापून उघडली. फोम हाताने पिळला तर पाणी निघत होतं, स्पंजासारखं. मी, मामा आणि शेजारची दोन पोरं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुरप्याने फोम खरवडला. मामी दर तासाला येऊन वास येतो म्हणून नाकाला पदर लावून जायची आणि चहा ठेवून जायची.

उघडलेली होडी आता आठवडाभर वाळू द्यायची.

फोम काढला म्हणजे काम झालं असं समजणं घातक आहे. होडी पाण्याने भरली तर तिला वर धरून ठेवणारी गोष्ट तीच होती. फायबर पाण्यापेक्षा जड असतं, इंजिन तर असतंच. माझ्या हिशेबाने बुडती होडी नुसती तरंगत ठेवायला १०० लिटर तरी हवा अडकलेली पाहिजे, आणि धरून राहणाऱ्या माणसांसाठी त्यावर आणखी. थर्मोकोल चालणार नाही, पेट्रोलने विरघळतो. शेवटी २ लिटरच्या सरबताच्या रिकाम्या बाटल्या घ्यायचं ठरलं. झाकणं सीलंट लावून बंद, एकूण ८० बाटल्या, १६० लिटर हवा, वजन चार-पाच किलो. एक फुटली तरी बाकीच्या शाबूत. मामांनी जुन्या जाळ्याच्या चार पिशव्या विणल्या आणि बाकांखाली दोन्ही बाजूंना बांधल्या. त्या पिशव्यांच्या गाठी बघण्यासारख्या आहेत. अशी गाठ मला सात जन्मांत जमणार नाही.

१ डिसेंबर, रविवार

वाळलेल्या होडीचं वजन: नाळ ७४, मागे १२२. एकूण १९६ किलो. ९१ किलो गेले. मामांनी काटा दोनदा वाचला.

मग होडी उलटी केली. बार्नेकल, म्हणजे तळाला चिकटून वाढणारे कवचाचे जीव, पत्र्याने खरवडले, मागच्या अर्ध्या भागावर जाड थर होता. तळ स्वच्छ झाल्यावर गवंड्याची अॅल्युमिनियमची लांब पट्टी तळावर लांबीच्या दिशेने धरली. पट्टीखालून उजेड दिसला. मागच्या कडेपासून ४० सेंटिमीटर पुढे तळ ६ मिलिमीटर आत दबलेला. दोन्ही बाजूंना, एकाच रेषेत. पावसाळ्यात होडी शाकारताना ज्या दोन टायरांवर ठेवतात, बरोबर त्या जागी. चार पावसाळे ओला फोम पोटात घेऊन ती त्या दोन टायरांवर बसली होती.

६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण पाणी त्या खोलगटातून मागे जाताना कडेपाशी पुन्हा खाली ढकललं जातं. त्या जोराने मागची बाजू उचलली जाते, नाळ खाली दाबली जाते आणि पुढचा तळ जास्त पाणी नांगरत बसतो. जोराच्या इंजिनाला ते परवडतं. आमच्याकडे वाया घालवायला एकही घोडा नाही.

दबलेली जागा घासून खरखरीत केली, काचकापडाचे दोन थर इपॉक्सीत, वर इपॉक्सीची लुकण. पट्टी सर्व बाजूंनी टेकेपर्यंत भरणं आणि घासणं. आणखी एक गोष्ट: तळ आणि मागची फळी जिथे मिळतात ती कड घासून घासून गोल झाली होती. गोल कडेला पाणी चिकटतं आणि वर वळून मागच्या फळीला ओढून धरतं. कड धारदार असली की पाणी तिथून स्वच्छ तुटतं. ती काटकोनात बांधून घेतली. डिसेंबरातली कोरडी हवा इपॉक्सीला मानवते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थर घासण्याजोगा झाला होता.

होडी आता टायरांवर ठेवायची नाही. तिच्यासाठी लांब दोन ओंडके काथ्या गुंडाळून ठेवले आहेत, वजन सगळ्या लांबीवर वाटलं जाईल असे.

८ डिसेंबर, रविवार

इंजिनाची उंची. पंख्याच्या लगेच वर जी आडवी प्लेट असते, ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याच्या थोडी खाली हवी. आमची ७५ मिलिमीटर खाली होती. लांब पायाचं इंजिन २० इंचांच्या फळीसाठी, आमची फळी १७ इंचांची. एवढा जास्तीचा पाय पाण्यातून ओढत नेणं म्हणजे कायम ब्रेक लावून जाणं.

उलट फार वर घेतलं तर पंखा वरची हवा खेचतो, आरपीएम एकदम चढतं आणि जोर जातो. लोक याला सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात. दोन्ही वेगळं आहे. कॅव्हिटेशनमध्ये पंख्याच्या पातीवर दाब इतका कमी होतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि ते फुटताना पात्याला खड्डे पाडतात. आमच्या पंख्यावर खड्डे नाहीत. आमच्याकडे वळताना जे होतं ते हवा खेचणं, आणि त्याचा उपाय उंचीत आहे.

सागवानी फळीचे तीन तुकडे, प्रत्येकी २० मिलिमीटर, मागच्या फळीच्या डोक्यावर एकावर एक बसतील असे, दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि आरपार बोल्ट. बोल्टच्या प्रत्येक भोकात सीलंट. आत पाणी कसं शिरतं ते आता आम्हाला पाठ झालंय. इंजिनाला साखळी वेगळी.

१५ डिसेंबर, रविवार

पौर्णिमा, सव्वाअकराची भरती. होडी चार माणसांनी पाण्यात लोटली. रंगाची रेघ पाण्याच्या वर.

आधी २० मिलिमीटर उचलून, मग ४०, मग ६०. साठला सरळ जाताना सर्वांत चांगलं, पण झटकन वळलं की पंखा हवा खेचतो. म्हणून एक तुकडा रंध्याने उतरवला आणि ५५ वर थांबलो. प्रत्येक वेळी इंजिनातून थंड पाण्याची धार नीट येते का ते पाहिलं. इंजिन वर घेताना पाणी ओढायची जाळीही वर येते, तिकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन जळतं.

दोघं असताना: ४४०० आरपीएम, १२.६ किलोमीटर.

मग मामा धक्क्यावर उतरले आणि म्हणाले, एकटा जा. मी मूठ पूर्ण फिरवली. नाळ वर गेली, नेहमीसारखी, आणि मग हळूहळू खाली आली. मागची लाट लांब गेली, आवाज बदलला, खालून थपथप ऐकू यायला लागली आणि होडी हलकी झाली. ताशी १७ किलोमीटर. जेमतेम २०० मीटर टिकली, नंतर वळणावर पुन्हा बसली. धक्क्यावर मामा दोन्ही हात वर करून उभे होते.

१९ डिसेंबर

काल दुपारी एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चाललेल्या एका वेगवान बोटीची धडक बसली. माणसं गेली. रात्री मामांचा फोन आला, बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आम्हीही चाचण्याच करतोय. आजपासून: दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, बांधलेलं. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. फेरीच्या वेळा सोडून, आणि फेरीच्या वाटेवर कधीही नाही.

२२ डिसेंबर, रविवार

दारूखान्यात गेलो, रे रोडला उतरून. जहाजं तोडून निघालेल्या सामानात आउटबोर्डचे पंखे कुठे ढिगात, कुठे दोरीला माळेसारखे लटकवलेले. मला हवा होता तोच व्यास, पण कमी पिचचा, ८ इंची. सायकल चढावर नेताना गिअर हलका करतो तसं. पिच एक इंच कमी केलं की इंजिन साधारण २०० आरपीएम वर जातं. आमचं ४४०० वर अडकतंय, त्याला ४८०० च्या पुढे न्यायचं आहे.

तीन तास शोधल्यावर एक मिळाला, ९¼ बाय ८, अॅल्युमिनियमचा. आतल्या दातांची संख्या जुन्या पंख्याशी जुळवून पाहिली, दांड्याचा नमुना सोबत नेला होता. दोन पात्यांच्या कडा ठेचलेल्या. घरी कानसने घासून तिन्ही पाती पुठ्ठ्याच्या एकाच साच्याला लावून सारखी केली. एक पातं वेगळं राहिलं तर कंपनं सगळी गिअरपेटीत जातात.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेदहाची भरती. नवा पंखा, आणि एक बदल ज्याला शंभर रुपयेही लागले नाहीत.

मूठ इंजिनाला असते, म्हणून चालवणारा सर्वांत मागे बसतो. टाकी त्याच्या पायाशी. इंजिन मागे. सगळं वजन मागे, आणि मग आपण म्हणतो नाळ का उठते. जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा मुठीवर घट्ट बसवून ८० सेंटिमीटर लांब केला, म्हणजे मधल्या बाकावर बसून चालवता येतं. टाकी नाळेजवळ नेली, आणि २४ लिटर नेण्याऐवजी १० लिटरच भरलं. मामांच्या सामानातून दुसरा नांगर, तुटका हातपंप, ओल्या दोराचं वेटोळं बाहेर. "कधी लागलं तर?" असं मामा म्हणाले. तीन वर्षांत लागलं नव्हतं.

इंजिनाचा कोनही बदलला. खिळ एका भोकाने आत घेतली, म्हणजे पंख्याचा रोख नाळ खाली दाबण्याकडे.

दोघं बसून: १४ सेकंदांत होडी उठली आणि उठलेलीच राहिली. ४९०० आरपीएम, जाता-येता सरासरी २१.१. एकूण वजन आता ३९६, घोड्यामागे ४०. कागदावरच्या "कशीबशी"त आम्ही बसलो.

मामांनी मूठ मागितली. मधल्या बाकावर बसून चालवायची त्यांना सवय नव्हती, हात दोनदा उलटा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी ती सरळ रेषेत काढली आणि परत फिरायचं नावच घेईनात. पेट्रोल संपेल असं मला सांगावं लागलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

मासळी आणि बर्फ मिळून ४० किलो धरले तर काय? दगड भरलेल्या गोण्या ठेवून पाहिलं. उठत नाही. ताशी १३ किलोमीटरवर नाळ वर करून अडते. परतीच्या वाटेवरच वेग हवा, आणि परततानाच वजन असतं.

मित्राकडून इंजिनाच्या प्लेटवर बसवायचा प्लास्टिकचा पंख मागून आणला. होडी उठायच्या आधी तो पाण्यात राहून मागची बाजू उचलून धरतो. गोण्यांसकट २० सेकंदांत उठली, १७.५ किलोमीटर. रिकामी असताना १४ ऐवजी ९ सेकंद. एका मित्राचं म्हणणं होतं की याने वरचा वेग पडतो. मोजलं: दोघं असताना २०.८, म्हणजे पडला तो जेमतेम. हा पंख ठेवायचा. आमचं मोजमाप वरच्या वेगाचं नाहीच, भरलेली होडी ओहोटीविरुद्ध घरी येते का, एवढंच आहे.

१२ जानेवारी, रविवार

संक्रांत परवा. मुदतीतल्या शेवटच्या चाचणीचे आकडे: दोघं, रिकामी होडी, ४९५० आरपीएम, २१.४. पंख्याची घसरण ६५ वरून २६ टक्क्यांवर. आठ किलोमीटरला आधी सव्वातीन लिटर पेट्रोल जायचं, आता १.८. हे मामांनी टाकीवर रेघा मारून स्वतः मोजलं. माझ्या आकड्यांपेक्षा त्यांचा त्या रेघांवर विश्वास आहे, आणि दोन्ही जुळले.

२६ जानेवारी, रविवार

द्वादशी, नऊची भरती. पहाटे मुखाशी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, मारायला गेलो होतो. दोन जिताडे, बाकी बोय, बर्फासकट सतरा-अठरा किलो. बाराला निघालो, मुद्दाम. ओहोटी अर्ध्यावर, सर्वांत जोराची. काठावरच्या काठ्यांभोवती पाणी फेसाळत समुद्राकडे चाललं होतं, १ नोव्हेंबरला होतं तसंच.

मामांच्या हातात मूठ. होडी उठली. तिवरं सरकायला लागली, आधी एकेक, मग हिरव्या पट्ट्यासारखी. ज्या वळणावर आम्ही चिखलात बसलो होतो तिथून जाताना मामांनी मान वळवून त्या जागेकडे बघितलं, आणि पुन्हा समोर. मुखापासून धक्क्याच्या दोर्‍यांपर्यंत २२ मिनिटं. फेरीच्या धक्क्याआधी त्यांनी मूठ उलटी फिरवून वेग उतरवला आणि होडी लाट न करता आत घेतली.

नांगर टाकायच्या आधी त्यांनी फोन काढला आणि आईला लावला. "पोचलो गं. जेवायला बसतोय."

पुढची कामं: पाण्याच्या पंपाचं इम्पेलर मार्चच्या आत बदलणे. तळाला नवा रंग, आणि रंगाची रेघ होती तिथेच.